वूव्रेची बाटली आणि पाचवं शील

डब्लिन, ओहायो
२७ एप्रिल २०२५

प्रिय रत्नाआजी,

सप्रेम जयभीम.

अक्षर बघून वैतागू नकोस. नऊ वर्षांची असताना मॉरिसव्हिलला तुझ्याकडे सुट्टीत आले होते, तेव्हा तूच नियम केलास, की माझ्याशी बोलायचं तर मराठीत, कागदावर, फोनवर अंगठे दाखवायचे नाहीत. आता मी सत्तावीस वर्षांची झाले तरी तो नियम काही तू कॅन्सल करत नाहीस. बाबा म्हणतात, सख्ख्या आजीपेक्षा माझ्या मावशीनेच तुला जास्त शिस्त लावली. बरोबरच आहे.

तर काम असं आहे. मी ज्या रेस्टॉरंटमध्ये तीन वर्षं काम करते, तिथले मालक देवांगभाई एक मोठं डिनर करताहेत. २८ जून, शनिवार, तीस पाहुणे, सहा कोर्सेस. सगळं जेवण फ्रान्समधल्या वूव्रे नावाच्या एकाच गावाभोवती फिरणार. तिथल्या द्राक्षांचा एक फेमस रस आहे, तो प्रत्येक कोर्सबरोबर. हे डिनर जमलं तर ड्रिंक्सचं अख्खं डिपार्टमेंट माझ्या हातात येईल. सरबतं, ज्यूस वगैरे. मला ती पोस्ट हवीच आहे आजी. दुसऱ्या कुणाला मिळाली तर मी खरंच रडेन.

अडचण एकच. देवांगभाईंची अट आहे की सहापैकी एक पदार्थ कुठल्याच पुस्तकातला नको, माझ्या घरचा हवा. मला तर मॅगीच येते!

पण तुझं नाक मला माहीत आहे. विहारात भन्तेंना भोजनदान असतं तेव्हा तू पन्नास माणसांचा स्वयंपाक एक कण न चाखता करतेस, आणि नुसत्या वासावरून 'भाजीत मीठ कमी आहे' म्हणतेस. ईश्वरकाका कॉन्फरन्ससाठी इथे आले होते, त्यांच्याबरोबर त्या रसाची एक बाटली दिली आहे, सोनेरी कागदात गुंडाळून. उघड, हुंग, आणि सांग याच्याबरोबर आपलं काय शोभेल.

तुझी,
मैत्री

०

मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
१३ मे २०२५

चि. मैत्रीस सप्रेम जयभीम.

तुझा रस पोचला. कसा पोचला ते ऐक.

परवा रविवारी आपल्या घरी बुद्धपौर्णिमेची वंदना होती. पंचवीस माणसं. पायलने बिचारीने सकाळपासून राबून बैठकीच्या खोलीत मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, फुलं, फळं असं सगळं सुरेख मांडलं. ईश्वरने तुझी बाटली आदल्या दिवशीच सूटकेसमधून काढून तिच्या हातात दिली होती, 'मैत्रीने आईला पाठवलंय' म्हणून. पायलने सोनेरी कागद सोडला, वरची फ्रेंच अक्षरं बघितली, आणि माझी सून साधी ग, तिला वाटलं कसलं तरी मधाचं सरबत असेल. नातीने प्रेमाने पाठवलंय म्हणून तिने बाटली नेऊन थेट मूर्तीपुढे ठेवली. केळी आणि संत्र्यांच्या मधोमध.

आम्ही त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं. पाचवं शील, मद्यापासून दूर राहण्याचं, तेही अगदी खड्या आवाजात म्हटलं. समोर तुझी बाटली.

मग फळं वाटायला मालिनी उठली. मालिनी म्हणजे आमची शेजारीण, फार्मसिस्ट आहे, ती केचपच्या बाटलीवरचंही बारीक अक्षर वाचते. तिने चष्मा कपाळावर चढवला आणि मोठ्याने वाचलं, 'अल्कोहोल साडेबारा टक्के, गर्भवती स्त्रियांनी घेऊ नये.' अगं बाई! पायलचा चेहरा पांढराफटक. ईश्वर म्हणतो, 'आई, मला काय माहीत, मी कागद फोडला का!' एका पोराने फोटो काढला, तो मी त्याच्याकडून डिलीट करवून घेतला. आणि कुणीतरी विचारलंच, 'ही कुणाची?'

मी म्हटलं, 'माझ्या नातीची आहे. तिचं ते काम आहे. मला विचारायला पाठवली आहे.' मग बाटली उचलली आणि गॅरेजमध्ये नेऊन लॉनमोवरच्या बाजूला ठेवली. त्यानंतर सगळे केळी सोलायला लागले. माझ्यासमोर बोलायची कुणाची छातीच नाही म्हणा.

आता तुझ्याशी बोलते. 'सरबतं, ज्यूस वगैरे' काय? सत्त्याहत्तर वर्षांची आहे मी, खुळी नाही. पोरी, पाचव्या शीलाच्या अलीकडे एक चौथं शीलही आहे. खोटं बोलू नये. तू पाचव्याच्या भीतीने चौथं मोडलंस. मला राग बाटलीचा नाही आला, त्याचा आला.

बाटली अजून बंद आहे. खरं काय ते लिहून पाठव. खरं लिहिलंस तर उघडीन, नाहीतर सिंकमध्ये ओतीन. पायल दोन दिवस माझ्या नजरेला नजर देत नाही, तिची माफी वेगळी माग.

रत्नाआजी

०

डब्लिन
१९ मे २०२५

प्रिय आजी,

पायलकाकूला फोन केला, माफी मागितली. ती आधी रडली आणि मग इतकी हसली की मलाही हसू आवरेना. तुझी माफी फोनवर मागून चालणार नाही, म्हणून इथे लिहिते. चुकले. बाबा म्हणाले होते, 'रत्नामावशीला कळू देऊ नकोस, तिला सहन होणार नाही.' पण खोटं मी लिहिलं, बाबांनी नाही.

आता सगळं खरं. मी वाइनची जाणकार आहे. परीक्षा दिल्या आहेत, पुढच्या वर्षी शेवटची आहे. कोणती वाइन कोणत्या जेवणाबरोबर, हे ठरवणं हेच माझं काम. वाइन हुंगायची, घोटभर तोंडात घ्यायची, जिभेवर फिरवायची आणि थुंकून टाकायची. बाकीचे संध्याकाळी मजेत पितात, मी नाही पीत. तीन वर्षांत एक घोट गिळलेला नाही. हे मी कुणाला सांगत नाही, कारण कुणाला पटत नाही. तुलाही नाही पटलं तर नाही पटलं.

आणि आजी, तू 'सोड' म्हणालीस तरी मी हे सोडणार नाही. यात मी चांगली आहे. खूप चांगली आहे. बंद डोळ्यांनी मी सांगू शकते की ही द्राक्षं नदीच्या कुठल्या बाजूची. हे आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी असं सरळ सांगतेय.

वूव्रेचंही ऐक. गेल्या ऑक्टोबरात दहा दिवस तिथे होते. फ्रान्समध्ये लुआर नावाची नदी आहे, रुंद, संथ, मधेमधे वाळूची बेटं. काठावर पिवळट पांढऱ्या मऊ दगडाचे कडे. त्या दगडाचीच घरं बांधतात, आणि दगड काढून झालेल्या गुहांमध्ये बाटल्या ठेवतात. काही माणसं अजून गुहेत राहतात, दाराला पडदे, खिडकीत कुंड्या. द्राक्षाचं नाव शेनँ. त्याची खासियत अशी की एकाच वेलीपासून कोरडी वाइनही होते, किंचित गोडही आणि मधासारखी गोडही, पण आंबटपणा तिघींच्या पोटात असतोच. तिथली माणसं तिच्याबरोबर शेळीच्या दुधाचं चीज खातात, नदीतला मासा लोण्याच्या सॉसमध्ये खातात, डुकराचं मांस तासन् तास शिजवून पावाला लावतात.

हे सगळं मी मेनूत टाकलंय. पाच कोर्स झकास. उरलेला एक माझा, आणि त्याचाच घोळ. कोरड्या वूव्रेबरोबर नागपुरी सावजी चिकन ठेवून बघितलं. देवांगभाईंच्या डोळ्यांतून पाणी! म्हणाले, 'मैत्री, यार, ये तो आग पे पेट्रोल है.' शेफ तर बर्फ चघळत बसला. आता पाच आठवडे उरलेत. तुझ्याकडची बाटली 'डेमी-सेक' आहे, म्हणजे किंचित गोड. ती चुकून पाठवली, डिनरला कोरडीच ठरली आहे. तरी उघडलीस तर हुंग.

ओतून दिलीस तरी मला राग येणार नाही.

तुझी,
मैत्री

०

मॉरिसव्हिल
२ जून २०२५

चि. मैत्रीस,

उघडली. भर दुपारी, किचनच्या टेबलावर, मालिनीला साक्षीला बसवून, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की रत्नाबाई दार लावून काय करत होती. पेल्यात बोटभर ओतली, नाकाशी नेली आणि बाई ग, मी खुर्चीत बसून राहिले. मालिनी घाबरली. तिला वाटलं नुसत्या वासानेच चढली म्हातारीला.

मैत्री, तुझ्या बाटलीला मोहाच्या फुलांचा वास येतो.

आता जे लिहिते ते तुझ्या बापालाही माहीत नाही, ईश्वरलाही नाही. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या अलीकडे. माझी आई, ठमाबाई, मोहाची दारू गाळायची. चैत्रात फुलं वेचायची, वाळवायची, मडक्यांत भिजत घालायची. मी पाच-सहा वर्षांची, मडक्यांच्या रांगेतून नाक खुपसत फिरायचे आणि सांगायचे, आई, हे झालं, हे दोन दिवसांनी. माझं कधी चुकलं नाही. तू ज्या नाकाचं कौतुक करतेस ना, ते भोजनदानाने नाही तयार झालेलं. ते त्या मडक्यांवर तयार झालं.

छप्पन्न साली नागपूरला दीक्षा झाली. आई मला कडेवर घेऊन, पुष्कळ वाट चालून तिथे गेली. मी आठ वर्षांची घोडी, तरी कडेवर, कारण गर्दी. प्रतिज्ञा घेतली, दारू पिणार नाही. परत आल्यावर शेजारणी म्हणाल्या, 'ठमे, तू कुठं पितेस? तू तर गाळतेस. तुझी प्रतिज्ञा कुठं मोडते?' आई म्हणाली, 'मी पीत नाही, पण पाजते.' आणि एकेक मडकं उचलून अंगणात फोडलं. मी मोजत होते. चौदा. त्यानंतर जन्मभर विड्या वळल्या. आम्ही चार भावंडं त्या विड्यांवर शिकलो.

म्हणून पिणं वेगळं आणि विकणं वेगळं असल्या गोष्टी मला सांगू नकोस. तू थुंकतेस असं लिहिलंयस. असेलही. पाचशे मैलांवरून मला काय दिसतंय? तुझा धंदा मला पटत नाही, हे खणखणीत सांगते. आजीविका सम्यक असावी लागते. पण हेही लिहिते, की विड्यांतही धूर होताच, आणि तेव्हा माझ्या आईला कुणी विचारलं नाही. मीही नाही. तेव्हा तुला मी कोणत्या तोंडाने विचारू?

असो. कामाचं बोलू.

एक, कोरडी बाटली बाजूला ठेव. तिखटाला गोडाचा हात लागतो. जी चुकून पाठवलीस तीच खरी. दोन, सावजी विसर. त्यात इतके मसाले आहेत की बिचाऱ्या बाटलीला बोलायला जागाच नाही. तीन, आमच्याकडचा तांदळाचा चिला कर. तांदूळ रात्रभर भिजवून वाटायचे, पातळ घोळ, मीठ, बस. तव्यावर जाळी पडली पाहिजे. त्यावर सुक्या झिंग्यांची चटणी. झिंगे कोरडे भाजायचे, लसूण, लाल मिरची, कांदा तेलात परतून त्यात जाडसर कुटून टाकायचे. कैरी, चिंच, लिंबू काही घालू नकोस. आंबटपणा त्या बाटलीत आहे, दोन आंबट एकमेकांची तोंडं फिरवतात. फूल वेचायच्या दिवसांत आई हेच करून द्यायची. फुलांचा वास हाताला आणि चटणी तोंडात, ही जोडी मला पाठ आहे.

चार. तीस पाहुण्यांत एखादी माझ्यासारखी असणारच. तिच्यापुढे नळाचं पाणी ठेवून तिला शिक्षा केल्यासारखं बसवू नकोस. मी चार दिवस खपून एक पेय केलंय. काळ्या मनुका, तव्यावर भाजलेलं सफरचंद, आल्याचा एकच तुकडा, पायलच्या चहाच्या डब्यातली ती पिवळी फुलं, वरून लिंबू. उकळून, गाळून, थंड. डोळे मिटून दोन पेले हुंगले तर मला फरक सांगता येईना. मालिनीला तर कळलाच नाही. हा पेला दे, आणि पहिल्या पेल्याइतक्याच मानाने दे.

रत्नाआजी

०

डब्लिन
१० जून २०२५

आजी!

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा पार्किंगमध्ये, गाडीत बसून. ठमाबाईंचं चौदावं मडकं माझ्या डोक्यातून जातच नाही.

काल चिला केला. पहिले आठ फाटले, नववा जाळीदार. चटणी, डेमी-सेक, आणि शेजारी तुझा मनुकांचा पेला. देवांगभाईंनी एक घास खाल्ला, एक घोट घेतला. दुसरा घास घेतला. मग त्यांनी तुझा पेला घेतला, आणि म्हणाले, 'माझी मम्मी कधीच माझ्या रेस्टॉरंटमध्ये जेवत नाही, तिच्यासाठी इथे प्यायला काही नसतं. आता तिला आणतो.' मेनू बदलला. सगळ्या सहा कोर्सेसना तुझा पेलाही असणार, प्रत्येक वेळी थोडा वेगळा. हे तुझ्यामुळे, पण पाच कोर्सेसचे बदल मी केलेत हां!

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मेनूवर ठमाबाईंचं नाव लिहू का? आणि पाहुण्यांना मोहाची गोष्ट सांगू का? लोकांना फार आवडेल.

आणि तू ये. प्लीज. तिकीट मी काढते.

मैत्री

०

मॉरिसव्हिल
१६ जून २०२५

चि. मैत्रीस,

नाव लिही. पण बाटलीच्या बाजूला नाही, चिल्याच्या बाजूला. 'ठमाबाईचा चिला' एवढंच. तिने मडकी फोडली ती तुझ्या पाहुण्यांना आवडावं म्हणून नाही फोडली, तेव्हा ती गोष्ट राहू दे. ती तुला सांगितली, तुझी झाली. वाटायची नाही.

तिकीट ईश्वरने काढलं. तो आणि मी शनिवारी दुपारी येतो, रविवारी पहाटेच्या फ्लाइटने परत, कारण रविवारी विहारात भोजनदान माझ्याकडे आहे. मला कोपऱ्यात बसव, म्हणजे तुला काम करताना बघता येईल. पत्रातलं किती खरं ते बघायचंय.

रत्नाआजी

०

डब्लिन
३० जून २०२५

प्रिय आजी,

पोस्ट मिळाली. देवांगभाईंनी काल दुपारी बोलावून सांगितलं. त्यांची मम्मी दोन चिले जास्त मागून खाऊन गेली आणि जाताना माझा गालगुच्चा घेतला. एका बाईंनी, नखशिखांत अमेरिकन, मेनूवर बोट ठेवून 'ठमाबाई' असं पाच वेळा म्हणून बघितलं आणि पाचव्या वेळी बरोबर म्हटलं. मी खूश असायला हवं. आहे पण.

पण मला एक सांग. चौथ्या कोर्सच्या आधी मी नवीन बाटली उघडली, कोपऱ्यातल्या स्टँडशी जाऊन चाखली आणि थुंकली. तेव्हा तू बघत होतीस. आपली नजर भेटली. आणि तू ताटावरून उठलीस. पदराने तोंड झाकून बाहेर गेलीस. मला पाहुणे सोडता येईनात. मी बघेपर्यंत ईश्वरकाका म्हणाले, आईला बरं वाटत नाही, हॉटेलवर नेतो. चिला पाचवा होता आजी. तू ठमाबाईंचा चिला न खाताच गेलीस.

तुला किळस आली का? तसं असेल तर तसं लिही. थुंकणं बघायला घाणच दिसतं, मला माहीत आहे. की चार माणसांत तुझी नात हे करते याची लाज वाटली? तू वंदनेच्या दिवशी पंचवीस माणसांसमोर माझ्या बाजूने उभी राहिलीस, आणि मी तुला माझ्या ताटावरून उठवलं. डिनरच्या रात्रीपासून हेच डोक्यात आहे. तू 'सोड' म्हणालीस तरी सोडणार नाही असं मी ऐटीत लिहिलं होतं. अजून नाही सोडणार. पण तुला आवडलं नाही तर ते मला कळलं पाहिजे.

मैत्री

०

मॉरिसव्हिल
६ जुलै २०२५

चि. मैत्रीस, खूप खूप आशीर्वाद.

खुळे. किळस कसली? भन्तेंच्या, पोरांच्या, म्हाताऱ्यांच्या सगळ्यांच्या थुंक्या पुसून सत्त्याहत्तर वर्षांची झाले मी.

पोस्टबद्दल अभिनंदन. पायलने शेजारपाजारी सांगून टाकलं आहे, आणि मालिनी विचारत होती, वूव्रेबरोबर इडली चालते का. तिला म्हटलं, तू आधी लेबल वाच.

धंदा अजून पटला नाही, हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे तू भलत्या समजुतीत राहू नकोस. तू प्रत्येक टेबलाशी जाऊन दोन्ही पेले सारख्याच हाताने ठेवत होतीस, ते मात्र पाहिलं. देवांगच्या आईला मनुकांचा पेला देताना तू जरा जास्तच वाकलीस, तेही पाहिलं. छान वाटलं ग.

आता मी का उठले ते सांगते. मडक्यांच्या त्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली होती. राहिली म्हणजे मी विसरले होते. आई दारू गाळायची तेव्हा पहिल्या धारेचा थेंब ती चाखून बघायची. प्यायची नाही कधी. थेंब जिभेवर घ्यायची, डोळे मिटायची, डावा हात असा तोंडाशी आडवा धरायची, मान उजवीकडे वळवायची आणि थुंकायची. मग ओठ मनगटाच्या मागच्या बाजूने पुसायची आणि मला म्हणायची, 'झालं बरं का रत्ने.' मडकी फोडली त्या दिवसापासून तिने पुन्हा कधी तसं केलं नाही, कारण पुन्हा चाखायला काही उरलंच नाही. तिचा एकही फोटो नाही. ती कशी दिसायची हे मला आता धड आठवतही नाही, आणि ते मी कुणाला सांगत नाही.

तू त्या कोपऱ्यात गेलीस. घोट घेतलास, डोळे मिटलेस. डावा हात तोंडाशी आडवा धरलास, मान उजवीकडे वळवलीस. आणि ओठ मनगटाच्या मागच्या बाजूने पुसलेस. तुला हे कुणी शिकवलं? तू तर तिला पाहिलंच नाहीस, तिच्याबद्दल ऐकलंस तेही मागच्या महिन्यात.

मैत्री, ती थेंब चाखणारी माझी आई मला एकोणसत्तर वर्षांनी दिसली. म्हणून उठले. तिथे थांबले असते तर तीस पाहुण्यांसमोर हंबरडा फोडला असता, आणि तुझं डिनर गेलं असतं.

चिला राहिला तो राहिला. पुढच्या महिन्यात इकडे ये आणि माझ्या तव्यावर करून घाल.

रत्नाआजी